दुखऱ्या गुडघ्याला काम हवं

(गुडघे आणि खुब्यांच्या झिजेबद्दल बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातून आलेल्या प्रश्नांपैकी काही या वेळी घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत, नावं छापलेली नाहीत. उत्तरं अस्थिरोग आणि फिजिओथेरपी अशा दोन्ही बाजूंनी दिली आहेत.)

प्रश्न : माझं वय ५२. वीस-बावीस वर्षं घरी विड्या वळते. सूप मांडीवर घेऊन सात-आठ तास मांडी घालून बसणं होतं. उठताना दोन्ही गुडघे धरतात, चार पावलं टाकली की मोकळे होतात. जिना उतरताना कळ येते, आतून करकर आवाज येतो. एक्स-रे बघून सांगितलं की गॅप कमी झालाय, हाडं घासायला लागलीत, चालणं कमी करा. खरंच चालल्यानं गुडघे लवकर झिजतात का? — निपाणी

ताई, चालणं कमी करू नका. कमी करायचं आहे ते बसणं.

गुडघ्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. या थरात रक्तवाहिन्या नसतात. मग त्याला अन्न मिळतं कुठून? पाऊल टेकलं की कूर्चा दबते आणि आतलं पाणी बाहेर पडतं. पाऊल उचललं की सांध्यातलं वंगण ती पुन्हा आत ओढून घेते. ओला फडका पिळावा आणि पाण्यात सोडावा, तसं हे चालतं. तासन् तास न हललेल्या गुडघ्यात ही ये-जा थांबते. म्हणून उठल्यावर गुडघे धरतात आणि चार पावलांनी सुटतात. झिजेच्या संधिवाताची ही खूणच आहे. सकाळचा ताठरपणा यात अर्ध्या तासाच्या आत जातो. तो तासाहून जास्त राहिला, बोटांचे छोटे सांधे दोन्ही हातांत सारखेच सुजले, तर तो आमवात असू शकतो. त्याची औषधं वेगळी आहेत आणि ती लवकर सुरू करावी लागतात, तेव्हा तिथे थांबू नये.

दुसरी गोष्ट, कूर्चेत मज्जातंतूही नसतात. दुखतं ते तिच्याखालचं हाड, सांध्याचं आतलं अस्तर, भोवतीचे बंध आणि थकलेले स्नायू. एकाच ग्रेडचे, म्हणजे झिजेच्या एकाच पायरीचे, एक्स-रे असलेल्या दोन बायकांपैकी एक आठवड्याचा बाजार पायी करून येते आणि दुसरीला पाटावरून उठवत नाही, याचं कारण हेच. तेव्हा 'गॅप'च्या आकड्याला फार घाबरू नका. शिवाय एक्स-रे झोपवून काढला असेल तर त्या गॅपला अर्थच नाही, तो उभं करून, दोन्ही पायांवर भार देऊन काढावा लागतो. करकर आवाजासोबत सूज किंवा कळ नसेल तर आवाज सोडून द्या.

आता बसण्याचं. गुडघा पूर्ण दुमडला की वाटी आणि मांडीचं हाड यांच्यामधला दाब कितीतरी पटींनी वाढतो. रोज तासन् तास उकिडवं किंवा गुडघे दुमडून काम करणाऱ्यांत गुडघ्याची झीज जास्त आढळते. विड्या वळण्याचं काम हातांचं आहे, त्याला मांडीच लागते असं नाही. साधारण १८ इंच उंचीच्या खुर्चीवर बसा, पाय पूर्ण टेकलेले, गुडघे खुब्यांच्या वर जाणार नाहीत असे. सूप मांडीवर उशी ठेवून तिच्यावर घ्या, किंवा समोर बेताच्या उंचीचा स्टूल घ्या. पहिले पंधरा दिवस हात मंद चालतो, वळलेल्या विड्या कमी भरतात. म्हणून अर्धा दिवस खुर्ची, अर्धा दिवस मांडी, असं सुरू करा. आणि कुठेही बसलात तरी दर अर्ध्या तासाने उठून घरातल्या घरात दोन मिनिटं फिरा. एक विडीचं बंडल बांधून झालं की उठायचं, असा काही ठोका ठरवून घेतला तर घड्याळाकडे बघावं लागत नाही.

तिसरं म्हणजे मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद. हा स्नायू गुडघ्याचा धक्का झेलतो. तो दुबळा असेल तर प्रत्येक पावलाचा धक्का थेट सांध्यावर जातो. खालचे व्यायाम औषधाच्या बरोबरीने मोजा.

पाय लांब करून बसा किंवा झोपा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, पावलाची बोटं आपल्याकडे ओढा आणि गुंडाळी खाली दाबा. मनात पाच आकडे म्हणा, सोडा. एकेका पायाने दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. आठवडाभराने पुढचा: उताणं झोपून एक गुडघा दुमडून ठेवा, दुसरा पाय सरळ ठेवून जमिनीपासून फूटभर उचला, पाच आकडे धरा, हळू खाली आणा. धाडकन सोडला तर निम्मा फायदा जातो. श्वास रोखून धरू नका, बीपी असेल तर विशेषतः. दहा वेळा सहज व्हायला लागले की घोट्यावर अर्धा किलोची मिठाची पिशवी फडक्यात बांधा.

आणि सगळ्यात कामाचा व्यायाम म्हणजे खुर्चीवरून उठणं. खुर्ची भिंतीला टेकवा, नाहीतर सरकते. हात छातीवर, पावलं खांद्याइतकी दूर. पुढे झुकून उठा, हळू बसा. उठताना गुडघे आत एकमेकांकडे जातात, तिथेच बहुतेकांचं चुकतं. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे. जमत नसेल तर बसायच्या जागी दोन उशा टाकून उंची वाढवा. आठ वेळा, थोडं थांबून पुन्हा आठ, असं तीनदा, आठवड्यातून तीन दिवस.

व्यायामाने दुखणारच, थोडं. दहापैकी किती दुखतंय असा आकडा स्वतःला द्या. पाचपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत ते नेहमीच्या पातळीवर आलं पाहिजे. आलं नाही किंवा गुडघा सुजला तर वेळा निम्म्या करा. बंद करू नका. फरक कळायला सहा ते बारा आठवडे लागतात. बहुतेक लोक दहाव्या दिवशी सोडतात.

एक सवय मात्र आजच मोडा. रात्री गुडघ्याखाली उशी घेऊन झोपू नका. बरं वाटतं खरं, पण गुडघा वाकलेल्या स्थितीतच आखडतो आणि मग सरळ होत नाही. सरळ न होणारा गुडघा चालताना दुप्पट थकवतो.

प्रश्न : शेतकरी, वय ६१. दुखायला लागलं की मेडिकलमधून अॅसिक्लोफेनॅकची गोळी आणतो, सुगीच्या दिवसांत रोज. बीपीची गोळी सुरू आहे. जेल लावून पाहिलं, उपयोग झाला नाही. मध्यंतरी एका वैदूच्या वाताच्या पुड्यांनी दोन दिवसांत अगदी मोकळं वाटलं. त्या सुरू ठेवू का? — येळ्ळूर

पुड्यांपासून सुरुवात करू, कारण तिथे धोका मोठा आहे. झिजेचं दुखणं दोन दिवसांत नाहीसं करणारं झाडपाल्याचं औषध नाही. इतका झटपट गुण आला की पुडीत स्टेरॉइड मिसळलेलं असण्याचा संशय घ्यावा, अशी भेसळ देशात अनेकदा सापडली आहे. भूक खूप लागते, तोंड गोल होतं, साखर आणि बीपी चढतं, कातडी पातळ होऊन जरा लागलं की काळंनिळं होतं, हाडं ठिसूळ होतात. काही आठवडे रोज घेतल्या असतील तर एकदम बंद करू नका. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं. अचानक तोडलं तर चक्कर, उलट्या, बीपी खाली जाणं असं होऊन जिवावर बेतू शकतं. उरलेल्या पुड्या घेऊन फिजिशियनकडे जा, ते हळूहळू कमी करून बंद करतील.

आता गोळी. अॅसिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, एटोरिकॉक्सिब ही एकाच घराण्यातली औषधं. ती दुखणं कमी करतात, झीज थांबवत नाहीत. पोटात अल्सर, बीपी वाढणं, पायांवर सूज, मूत्रपिंडावर ताण हे त्यांचे दुष्परिणाम वयाबरोबर वाढतात. तुमच्या बीपीच्या गोळीचं पाकीट बघा. टेल्मिसार्टन, लोसार्टन किंवा रॅमिप्रिल असेल आणि त्यातच लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असेल (नावापुढे 'एच' असतो ती), तर त्यावर वेदनाशामक म्हणजे मूत्रपिंडावर तिहेरी मार. उन्हात राबून, पाणी कमी पिऊन घेतलं तर आणखीच. मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारी क्रिएटिनिनची रक्ततपासणी करून घ्या. गोळी लागलीच तर डॉक्टरांना विचारून, कमीत कमी दिवसांसाठी, जेवणानंतर, आणि पोटाचं रक्षण करणारी गोळी सोबत. हृदयविकार, अल्सर किंवा किडनीचा आजार असेल, रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल, तर स्वतःच्या मनाने अजिबात नको. एकाच पाकिटात अॅसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल दोन्ही असतात, हेही पाहत चला. त्यावर 'साधी तापाची गोळी' म्हणून आणखी पॅरासिटामॉल घेतल्याने मात्रा नकळत वाढते.

जेलचा उपयोग झाला नाही कारण बहुधा ते वाटाण्याएवढं लावलं असेल. डायक्लोफेनॅक जेलची एका गुडघ्याची मात्रा एका वेळी २ ते ४ ग्रॅम, दिवसातून तीन-चार वेळा. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर मावणारी पट्टी म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, तेव्हा निदान चार पट्ट्या हव्यात. गुडघ्याच्या चारी बाजूंना हलक्या हाताने लावा, जिरू द्या. त्यावर शेक नको, घट्ट पट्टी नको. लावून झाल्यावर हात धुवा. दोन आठवडे असं नियमाने करून मगच ठरवा. ट्यूब लवकर संपेल, जनऔषधी केंद्रात ती स्वस्त पडते. जेल कातडीतून गुडघ्यात उतरतं आणि रक्तात त्याचा थोडाच अंश जातो, म्हणून बीपीवाल्यांना गोळीपेक्षा ते बरं. खुब्याचा सांधा मात्र खोल असतो, तिथे जेलवर पैसे घालवू नका.

प्रश्न : पावसाळ्यात दुखणं वाढतं. आमच्याकडे चार महिने पाऊस. गार हवेनं झीज वाढते का? — कणकुंबी

झीज वाढत नाही. दमट, गार दिवसांत सांधे जास्त ताठरतात असं पुष्कळांना जाणवतं. त्याहून मोठं कारण म्हणजे त्या दिवसांत फिरणं थांबतं आणि चिखलात रोपलावणीसाठी वाकून काम चालतं. कामाला जाण्याआधी गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं ठेवा, मग गुडघे दहा-पंधरा वेळा वाकवून सरळ करा. मधुमेहाने पाय बधिर असतील तर पिशवीची उष्णता घरातल्या दुसऱ्या कुणाला आधी हाताने बघू द्या, भाजलेलं कळत नाही. ज्या दिवशी गुडघा सुजलेला आणि गरम असेल त्या दिवशी शेक नको, फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं.

प्रश्न : वय ४३. उजव्या जांघेत दुखतं, कळ गुडघ्यापर्यंत येते. मांडी घालता येत नाही, पायाची नखं कापता येत नाहीत. गुडघ्याचा एक्स-रे नॉर्मल आला. सायटिका म्हणून कंबरेची औषधं झाली. दोन वर्षांपूर्वी कातडीच्या आजारासाठी बरेच महिने स्टेरॉइडच्या गोळ्या होत्या. — खानापूर

दादा, हा खुब्याचा सांधा आहे अशी दाट शंका येते, आणि हे काम पुढच्या आठवड्यावर टाकू नका.

खुबा कुठे असतो याबद्दलच गैरसमज आहे. लोक कंबरेच्या बाजूला हात ठेवून 'खुबा दुखतो' म्हणतात, पण खरा सांधा जांघेत, खोल असतो. तो बिघडला की दुखतं जांघेत, आणि खुब्याच्या आणि गुडघ्याच्या मज्जातंतूंचं मूळ एकच असल्यामुळे कळ गुडघ्यात जाणवते. म्हणून चांगल्या गुडघ्याचे एक्स-रे निघतात. सायटिकाची कळ सहसा कुल्ल्यातून मांडीच्या मागून पोटरीकडे, पावलाकडे उतरते आणि मुंग्या येतात. घरी पाहायचं असेल तर खुर्चीवर बसा, गुडघे एकमेकांजवळ ठेवा आणि पाऊल बाहेरच्या बाजूला न्या. दुखऱ्या बाजूला पाऊल कमी जात असेल आणि जांघेत कळ येत असेल तर खुबा तपासायलाच हवा.

तुमच्या वयात, स्टेरॉइड घेतल्यानंतर, निव्वळ झिजेपेक्षा एक वेगळी शक्यता आधी पाहावी लागते. मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो आतून मरतो, मग ढासळतो आणि सांधा झिजतो. डॉक्टर याला एव्हीएन म्हणतात. जास्त दिवस घेतलेली स्टेरॉइड, दारू, सिकलसेल (तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) आणि खुब्याला झालेली इजा ही त्याची नेहमीची कारणं. सुरुवातीला एक्स-रेत काहीच दिसत नाही, तेव्हा एमआरआयच लागतो. साध्या गुडघ्याच्या झिजेत आम्ही एमआरआयला सहसा नाही म्हणतो, इथे मात्र तो आवर्जून सांगतो. गोळा ढासळायच्या आत कळलं तर सांधा वाचवायचे काही उपाय हातात असतात, ढासळल्यावर बहुधा सांधा बदलणंच उरतं. ओटीपोटाचा, दोन्ही खुबे दिसतील असा एक्स-रे आणि सोबत एमआरआय करा, कारण हा आजार दुसऱ्या बाजूलाही असू शकतो.

तोवर काठी घ्या, आणि ती डाव्या हातात. दुखरा पाय उजवा, काठी डाव्या हातात. एका पायावर उभं राहिलं की शरीर कलंडू नये म्हणून खुब्याच्या बाजूचे स्नायू जोर लावतात आणि सांध्यावर वजनाच्या अडीच-तीन पट भार पडतो. विरुद्ध हातातली काठी त्या स्नायूंचं बरंचसं काम उचलते. दुखऱ्या बाजूलाच काठी धरून चालणारे रोज दिसतात, त्यांना फार थोडा फायदा मिळतो. काठीची उंची: चप्पल घालून उभं राहा, हात सैल सोडा, मनगटाची घडी जिथे येईल तिथे मूठ.

दारू असेल तर ती थांबवा. वजन उचलणं, उड्या, पळणं बंद.

प्रश्न : उंची पाच फूट एक इंच, वजन ८२ किलो, वय ४६. वजन कमी करा असं सगळे सांगतात, पण चालायला गेलं की गुडघे दुखतात. किती कमी करायचं आणि कसं? — चिकोडी

पहिलं लक्ष्य चार किलो ठेवा. शरीराचं एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, हे मोजून दाखवलेलं आहे. चार किलो उतरले की सोळा किलोंचं ओझं प्रत्येक पावलातून गेलं. सहा-आठ महिन्यांत आठ किलोंपर्यंत, म्हणजे वजनाच्या दहाव्या हिश्शापर्यंत पोचलात आणि जोडीला व्यायाम ठेवलात, तर दुखण्यातला फरक ठळक असतो. महिन्याला एक-दीड किलो पुरे. एकदम उपाशी राहून उतरवलेल्या वजनात स्नायूही जातात, आणि तेच तर आपल्याला हवेत.

वजन उतरतं ते मुख्यतः ताटातून. दिवसाला पाच कप चहा आणि कपाला दोन चमचे साखर म्हणजे ५० ग्रॅम साखर, २०० कॅलरी. आधी तिथे हात घाला. घरातलं तेल मोजा: माणशी महिन्याला अर्धा लिटर, चौघांचं घर असेल तर दोन लिटर. पाचव्या लिटरचं पाकीट फुटत असेल तर कारण सापडलंच. ज्वारीची भाकरी चांगली, पण चांगली म्हणून चार नकोत, दीड-दोन. शेंगदाण्याची चटणी सोबत चमचाभर, वाटीभर नाही. तिची जागा उसळ, ताक, अंडं, पालेभाजी यांना द्या. एकादशीला साबुदाण्याची खिचडी आणि वेफर्स होणार असतील तर त्या दिवशी इतर दिवसांपेक्षा जास्तच खाल्लं जातं.

चालण्याचं असं करा: एका दमात अर्धा तास नको. सपाट रस्त्यावर दहा-दहा मिनिटं, दिवसातून तीनदा. त्यानेही दुखत असेल तर घरात उभी केलेली सायकल चालवा, सीट इतकी उंच की पायडल खाली गेल्यावर गुडघा जवळजवळ सरळ होतो. सीट खाली ठेवून चालवल्याने वाटीमागे दुखायला लागतं आणि दोष सायकलला जातो.

प्रश्न : कॅल्शियम, ग्लुकोसामाइन, गुडघ्यात वंगणाचं इंजेक्शन, रक्त काढून त्यातूनच बनवलेलं पीआरपी. यातलं काय घ्यावं? — शहापूर, बेळगाव

कॅल्शियम हाडं ठिसूळ असतील त्यांच्यासाठी, झिजेच्या संधिवातावर त्याचा उपाय म्हणून उपयोग नाही. ग्लुकोसामाइन घेण्याची शिफारस आम्ही करत नाही. वंगणाच्या इंजेक्शनाचा फायदा नीट केलेल्या अभ्यासांत फार किरकोळ दिसला आहे. पीआरपीची तुलना २०२१ साली ऑस्ट्रेलियात मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनाशी केली गेली, वर्षभरानंतर दुखण्यात आणि कूर्चेत ठळक फरक आढळला नाही. दुर्बिणीने गुडघा धुऊन काढण्याच्या शस्त्रक्रियेचंही असंच झालं. अमेरिकेत २००२ मध्ये नुसती कातडीवर चीर दिलेले रुग्ण आणि खरी शस्त्रक्रिया झालेले रुग्ण सारखेच राहिले. यांवर जाणारा पैसा सहा महिने फिजिओथेरपीला द्या.

स्टेरॉइडचं सांध्यातलं इंजेक्शन वेगळं. गुडघा सुजून ठणकत असेल, व्यायामच करवत नसेल, तेव्हा काही आठवड्यांची सवड मिळवून द्यायला ते कामाचं आहे. मधुमेह असेल तर काही दिवस साखर चढेल. वर्षाला तीन-चारहून जास्त नकोत, आणि सांधा बदलायचा ठरला असेल तर आधीचे तीन महिने मुळीच नको, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

प्रश्न : आईचं वय ६८, मधुमेह आहे. दोन्ही पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेत. घरातल्या घरातही धरून चालते, रात्री दुखण्याने उठते. दोन्ही गुडघे एकदम बदलावेत का? सरकारी योजनेत बसेल का? रुग्णालयात सगळे कागद कन्नडमध्ये असतात. — संकेश्वर

व्यायाम, वजन, औषधं हे सगळं निदान तीन-चार महिने नेटाने करून झाल्यावरही झोप मोडत असेल आणि घरातलं चालणंही अडत असेल, तर शस्त्रक्रियेची वेळ आली असं समजायला हरकत नाही. एक्स-रेत ग्रेड चार, म्हणजे झिजेची शेवटची पायरी आहे, पण आई बाजारात जाऊन येते, असं असतं तर आम्ही थांबा म्हटलं असतं. फार उशीर करण्यातही तोटा आहे. पाय जितका वाकडा आणि मांडी जितकी दुबळी, तितकं नंतरचं सावरणं अवघड.

दोन्ही एकदम की एकेक, हे हृदय, फुप्फुस आणि साखर पाहून भूलतज्ज्ञांसोबत ठरवायचं. ६८ वर्षांच्या मधुमेही बाईंसाठी आमचा कल एकेक करण्याकडे. एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) आठच्या खाली, जमल्यास साडेसातपर्यंत आणा. किडलेला दात, लघवीचा संसर्ग, पायाच्या बोटांतली चिखली हे सगळं आधी बरं करा, कारण तिथले जंतू नव्या सांध्यात जाऊन बसतात. आणि वर सांगितलेले टॉवेलचे आणि पाय उचलण्याचे व्यायाम आतापासूनच सुरू करा.

शस्त्रक्रियेच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात. महिना-दीड महिन्यात काठीवर, तीन महिन्यांत घरचं बरंचसं काम, पूर्ण सावरायला वर्ष. पहिले सहा आठवडे दुखतं आणि त्याच काळात गुडघा वाकवण्या-सरळ करण्याचा सराव चुकवला तर तो कायमचा आखडतो. नवा गुडघा साधारण ११० ते १२० अंश वाकतो. जेवायला पाटावर बसणं, उकिडवं बसणं सुटेल, कमोड आधीच बसवून घ्या. बदललेल्या १०० गुडघ्यांपैकी सुमारे ८२ पंचवीस वर्षंही टिकलेले दिसले आहेत. पण दहातल्या एक-दोघांचं काही दुखणं मागे राहतं, हेही आईला आधी सांगा.

पैशांचं. कर्नाटकात 'आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक' योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आणि एपीएल कुटुंबाला खर्चाच्या ३० टक्के, जास्तीत जास्त दीड लाख, अशी मदत आहे. तातडीच्या नसलेल्या उपचारासाठी आधी सरकारी रुग्णालयातून, म्हणजे तालुका रुग्णालय किंवा बेळगावच्या सिव्हिलमधून, शिफारसपत्र लागतं. आधार आणि रेशन कार्ड सोबत न्या, गुडघा बदलण्याचं काम कोणत्या रुग्णालयात योजनेखाली होतं हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. कोल्हापूर-मिरजेला जायचं ठरलं तर तुमचं कार्ड तिथे चालतं का, हे भरती होण्याआधी पक्कं करा. कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर केंद्राने ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा घातली, नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्यासाठी तेव्हा ती जीएसटी सोडून ५४,७२० रुपये ठरली होती. बिलात इम्प्लांटची रक्कम, कंपनी आणि बॅच नंबरचा स्टिकर वेगळा मागून घ्या आणि जपून ठेवा.

भाषेचं. 'मंडी नोवु' म्हणजे गुडघेदुखी एवढं ओपीडीत पुरतं, पण 'ओप्पिगे पत्र' म्हणजे संमतिपत्र. त्यावर सही करण्याआधी ते कुणाकडून तरी मराठीत वाचून घ्या. कोणता पाय, कोणती शस्त्रक्रिया, कोणते धोके, या तीन गोष्टी आईला तिच्या भाषेत कळल्याच पाहिजेत. घाईची वेळ असली तरी हे मागायचा तुम्हाला अधिकार आहे.

घरी आल्यावर ताप, जखमेतून पाणी, पोटरीला सूज आणि कळ, किंवा धाप लागणं यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

प्रश्न : वय ५८. डाव्या गुडघ्याची झीज आहे, पण औषधाशिवाय चालतं. यंदा कार्तिकीला दिंडीबरोबर पायी पंढरपूरला जायचं मनात आहे. जाऊ का? — हिंडलगा

तयारी करून जा. दिंडी निघायच्या बारा-चौदा आठवडे आधी सुरुवात करा. आज जितकं चाललं की दुसऱ्या दिवशी दुखणं वाढत नाही तितकं, समजा वीस मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. सहाव्या आठवड्यापासून एक दिवस लांब चालीचा ठेवा आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी विश्रांती. दिंडीत रोज पाठोपाठ चालावं लागतं, तेव्हा शेवटच्या महिन्यात दोन लांब चाली लागोपाठच्या दिवशी करून पाहा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गुडघा सुजला तर रोजचं अंतर तुमच्या आवाक्याबाहेर आहे, मग काही टप्पे गाडीतून करा.

नवी चप्पल घालून निघू नका. मऊ तळव्याचे, टाच बंद असलेले बूट महिनाभर आधी घेऊन सवयीचे करा. उतारावर गुडघ्याला चढापेक्षा जास्त त्रास होतो, तिथे पावलं छोटी टाका. पायऱ्या चढताना आधी चांगला पाय वर, उतरताना आधी दुखरा पाय खाली, काठी दुखऱ्या पायाबरोबर. तुमच्या बाबतीत काठी उजव्या हातात. निघायच्या आदल्या दिवशी तिच्या टोकाचं रबर बघा, कडा झिजून सपाट झाल्या असतील तर ते बदला आणि एक जास्तीचं पिशवीत टाका.